हाताने टोचलेल्या गोंदणाची निगा

प्रश्न : पाच दिवसांपूर्वी मी मनगटाच्या आतल्या बाजूला तुळशीचे छोटे रोप गोंदवून घेतले. यंत्र न वापरता, सुईने एकेक ठिपका हाताने टोचून ते काढलेले आहे. आता त्यावरची कातडी कोंड्यासारखी सुटू लागली असून पापुद्र्यांवर शाईचा रंग दिसतो. चित्रच निघून जाते आहे की काय, अशी भीती वाटते. खाजही फार सुटते. आजी हळद आणि खोबरेल तेल लावायला सांगते, तर मावसबहिणीने औषधाच्या दुकानातून एक मलम आणून दिले आहे. पुढच्या आठवड्यात गणपतीचे विसर्जन आहे. काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चित्र निघून जात नाही. सुई टोचताना थोडी शाई त्वचेच्या वरच्या थरात अडकते आणि तो थर झडताना ती पापुद्र्यांबरोबर पडते. टिकाऊ शाई त्याच्या खालच्या थरात असते आणि तिथल्या भक्षक पेशी ती गिळून धरून ठेवतात. पापुद्रे गेल्यावर काही आठवडे रंग दुधाळ, निस्तेज वाटेल, कारण वर आलेली नवी त्वचा अजून पुरती स्थिरावलेली नसते. (जुन्या बायकांच्या हातावरचे काजळाचे गोंदण हिरवट-निळे दिसते, तेही त्वचेआडून दिसत असल्यामुळेच. तुमच्या काळ्या ठिपक्यांनाही काही वर्षांनी तशी झाक येईल.)

हाताने टोचलेले गोंदण यंत्राच्या कामापेक्षा सहसा लवकर भरून येते, कारण त्यात त्वचा कमी दुखावते. मात्र त्यामुळेच चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस निर्धास्त होतो आणि खपली नखाने उचलतो. वेळेआधी उचललेली खपली खालची शाई घेऊन जाते. भरीव चित्रात हे एखादे वेळी खपून जाईल, पण सुट्या ठिपक्यांच्या चित्रातून चार ठिपके गेले, तर तुळशीचे एक पानच नाहीसे होईल. खाज असह्य झाली तर हात धुऊन तळव्याने हलकेच थोपटा किंवा स्वच्छ, गार, ओले फडके मिनिटभर ठेवा.

दिवसातून दोनदा, आधी हात धुऊन, गोंदणाची जागा साध्या पाण्याने आणि सुगंध नसलेल्या सौम्य साबणाने धुवा. न्हाणीघरात टांगलेला, घरातल्या सर्वांचा टॉवेल तिला लावू नका; स्वच्छ सुती कापडाने किंवा कागदी रुमालाने टिपून घ्या. मग मुगाच्या दाण्याएवढी पेट्रोलियम जेली किंवा बिनसुगंधी मॉइश्चरायझर पसरवून लावा. जागा चकाकत असेल तर जास्त लागले, असे समजून पुसून काढा. भाद्रपदातल्या दमट हवेत त्वचा मुळातच ओलसर राहते, तेव्हा एखादी वेळ काहीच लावले नाही तरी बिघडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांमध्ये काही न लावल्याने बिघडलेली गोंदणे क्वचितच असतात; प्रेमाने फार लावल्याने बिघडलेली पुष्कळ असतात.

आजींचा सल्ला मायेचा आहे, तरी आत्ता तो पाळू नका. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, काहींना तिची ॲलर्जी येते, आणि पिवळ्या लेपाखाली जागा लाल होते आहे की नाही, हेच कळत नाही. तेलाच्या ज्या बाटलीत घरातल्या सर्वांची बोटे जातात, तीही दूर ठेवा. खपल्या पूर्ण पडून गेल्यावर नव्या बाटलीतले थेंबभर तेल लावायला माझी हरकत नाही. मलमाच्या नळीवरचे बारीक अक्षरांतले घटक मात्र आजच वाचा. त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन असे नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे. त्याने लाली दबते, पण जखम भरणे लांबते. निओमायसिन या प्रतिजैविकाचीही अनेकांना ॲलर्जी येते, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तेही नको.

विसर्जनाला अवश्य जा, पण पाण्यात उतरू नका. समुद्र, तलाव आणि कृत्रिम हौद या बाबतीत सारखेच. टोचल्यापासून निदान ३ आठवडे ती जागा पाण्यात बुडवून ठेवायची नाही. मूर्ती पाण्यात नेण्याचे काम भावंडांवर सोपवा. गुलालापासून बचावासाठी सैल, लांब बाह्यांचा सुती कुडता घाला आणि घड्याळ व बांगड्या दुसऱ्या हातात घाला. उन्हातही अशीच बाही पुरे. ३० किंवा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन त्वचा पूर्ण भरून आल्यावरच लावावे.

सुरुवातीची लाली आणि दुखणे आतापर्यंत ओसरायला हवे होते. शंका वाटली तर लाल भागाच्या कडेबाहेर, सुट्या कातडीला न लागता, पेनाने रेघ आखा. काही तासांत लाली रेघेपलीकडे गेली, जागा गरम लागली, पू आला, ताप आला किंवा मनगटाकडून कोपराकडे लाल रेषा चढू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एखादा ठिपका फिका राहिला, तर तो पुन्हा टोचून घेण्यासाठी निदान ६ आठवडे थांबा.

प्रश्न : वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या मुलाने काल मित्रांसोबत शिवणाची सुई आणि पेनातली शाई वापरून दंडावर नक्षी टोचून घेतली. काय लावू?
— एक आई, नाशिक

उत्तर : लावण्याचा प्रश्न नंतर. ती सुई आणखी कोणाच्या अंगात टोचली होती का, हे आधी न रागावता विचारा. रागावलात तर खरे उत्तर मिळणार नाही. उत्तर काहीही आले, तरी आजच त्याला डॉक्टरांकडे पाठवा. धनुर्वाताचे आणि हिपॅटायटिस बीचे लसीकरण पूर्ण झाले आहे का, ते तिथे पाहता येईल. सुई सामायिक असेल, तर एचआयव्हीचा प्रतिबंधक औषधोपचार हवा का, हेही लगेच ठरवावे लागते, कारण तो ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. त्याखेरीज हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांच्या तपासण्या आता आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा कराव्या लागतील. पेनातली शाई शरीरात घालण्यासाठी बनवलेली नसते. त्या जागी महिन्यांनंतरही गाठ किंवा खाज उद्भवू शकते. डॉक्टरांना दाखवेपर्यंत जागा साबणाने धुऊन कोरडी ठेवावी आणि ती सुई कोणाच्या हाती लागणार नाही अशा रीतीने, झाकणाच्या जाड डबीत बंद करून टाकून द्यावी.