रील सुरू करताय? आधी एवढं करा

ट्रेंडिंग ऑडिओवर ओठ हलवून सुरुवातीला व्ह्यूज मिळतातही, पण तुम्ही कुणाच्या लक्षात राहत नाही. मीही सहा महिने तेच केलं.

- आवाज स्वतःचा ठेवा. घरी 'काय करून राहिला बे' म्हणत असाल तर तिथेही तसंच म्हणा.
- विषय जवळचा घ्या. आई भाकरी थापते तेव्हाचा परातीचा आवाज कुठल्या लायब्ररीत मिळतो?
- दुसऱ्याचं रील उचलून टाकू नका. सारखीच रील्स सापडली तर शिफारशीत मूळचंच दाखवणार, असं इन्स्टाग्रामने एप्रिल २०२४ मध्येच जाहीर केलंय.

हॅशटॅग, पोस्टची वेळ, रिंगलाइट नंतर बघू. (माझ्या रिंगलाइटवर सध्या टॉवेल वाळतो.) पहिली दहा रील्स टाका, मग पुढचं विचारा.