भौतिकशास्त्राची पदवी आखताना आधी गणित पाहावे

आपल्या प्रश्नावरून मला समजलेली परिस्थिती अशी : मुलगी यंदा बारावी विज्ञान उत्तीर्ण झाली आहे, तालुक्याच्या महाविद्यालयात तिने बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतले आहे, पुढे एम.एस्सी. आणि जमल्यास संशोधन करावे असा तिचा विचार आहे, आणि तीन गोष्टी ठरत नाहीत. मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय) म्हणून गणित घ्यावे की इलेक्ट्रॉनिक्स, पदवी तीन वर्षांची करावी की चार, आणि जॅम या, आयआयटींसारख्या संस्थांतील एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या, राष्ट्रीय परीक्षेचा क्लास पहिल्या वर्षापासूनच लावावा का. हा विषय मी बरीच वर्षे संलग्न महाविद्यालयात शिकवला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणित हेच आहे, आणि संशोधनाचा विचार खरोखरच असेल तर त्याला पर्याय नाही असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरेही बऱ्याच अंशी याच निर्णयावर अवलंबून आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आपल्या राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून आली. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून ठरणारे एकक) लागतात, म्हणजे प्रत्येक सत्राला 20 ते 22. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय समान पातळीवर शिकवले जातात आणि दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर (मुख्य विषय) व एक मायनर ठरतो; काही ठिकाणी मेजर पहिल्या सत्रापासूनच निश्चित असतो. कोणतीही रचना असली तरी पहिल्या वर्षात प्रत्येक सत्रात भौतिकशास्त्राच्या वाट्याला साधारण चार ते सहा क्रेडिट येतात, आणि बाकीची क्रेडिट भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्याचे विषय आणि ओपन इलेक्टिव्ह यांत वाटली जातात. पालकांच्या सहसा लक्षात न येणारी बाब अशी की ओपन इलेक्टिव्ह हा विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीला वाणिज्य किंवा मानव्यविद्येतला विषय घेता येतो, पण विज्ञान शाखेतले गणित त्या वाटेने घेता येत नाही. ‘आत्ता इलेक्ट्रॉनिक्स घेऊ आणि गणित नंतर कुठेतरी बसवू’ हा हिशेब त्यामुळे जुळत नाही. मायनरची जागा गेली की गणित वेळापत्रकातून गेले.

शिवाय पात्रतेचा भाग आहे. जॅममार्फत होणाऱ्या भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी. प्रवेशांसाठी अनेक आयआयटींनी आजवर पदवीला भौतिकशास्त्र किमान चार सत्रे आणि गणित किमान दोन सत्रे असावे अशी अट ठेवलेली आहे. अटी संस्थेनुसार वेगळ्या असतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचलेच पाहिजे. पण केवळ मायनर चुकल्यामुळे उत्तम गुण असलेल्या मुलीचा अर्ज अपात्र ठरावा, ही वेळ येऊच नये.

अर्थात अट नसती तरी मी गणितच सांगितले असते. भौतिकशास्त्रात मुले अडतात ती बहुतेक वेळा भौतिकशास्त्रात अडत नाहीत. पहिल्या वर्षी अवमंदित आणि प्रेरित दोलने शिकवली जातात, तेव्हा दुसऱ्या कोटीचे डिफरेन्शियल इक्वेशन सोडवता यावे लागते. ते येत नसेल तर अनुनादाचा आलेख पाठ करण्याखेरीज काही उरत नाही. विद्युतचुंबकत्वात गाउसचा नियम येतो तो पृष्ठसंकलनासह, आणि मॅक्सवेलची समीकरणे लिहायची तर डायव्हर्जन्स आणि कर्ल यांचा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहावा लागतो. क्वांटम मेकॅनिक्समध्ये तर मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये, डिफरेन्शियल ऑपरेटर आणि गोलीय निर्देशकांत चल वेगळे करण्याची पद्धत एकदमच लागते. हायड्रोजनच्या अणूचे गणित हे तिन्ही आल्याशिवाय फळ्यावरून वहीत उतरवण्यापुरतेच राहते. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सला संभाव्यता, स्टर्लिंगचे सूत्र आणि लॅग्रांज मल्टिप्लायर लागतात. प्रकाशशास्त्रात फटीमुळे होणाऱ्या फ्राउनहोफर विवर्तनाचा आकृतिबंध हा त्या फटीच्या आकाराचा फूरिए ट्रान्सफॉर्म असतो, हे ज्याला दुसऱ्या वर्षी दिसते त्याला तिसऱ्या वर्षी अनिश्चिततेचे तत्त्व परके वाटत नाही.

अडचण अशी की महाविद्यालयात या दोन विषयांची वेळापत्रके एकमेकांना विचारून बनत नाहीत. अनेक चलांचे कॅल्क्युलस गणित विभाग दुसऱ्या वर्षी शिकवतो आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला ते पहिल्या वर्षीच लागते. ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’ नावाचा पेपर मेजरमध्ये असतो खरा, पण दोन-तीन क्रेडिटांत, म्हणजे तीस-पंचेचाळीस तासांत, सदिशांपासून फूरिए मालिकेपर्यंत धावावे लागते. म्हणून आपल्या मुलीने आत्ताच दोन कागद शेजारी ठेवावेत : भौतिकशास्त्राचा सहाही सत्रांचा अभ्यासक्रम आणि गणित मायनरचा अभ्यासक्रम. दोन्ही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळतात. भौतिकशास्त्राच्या प्रत्येक घटकासमोर त्याला लागणारे गणित लिहावे आणि ते गणित मायनरमध्ये कोणत्या सत्रात येते ते पाहावे. जिथे गणित उशिरा येते तिथे आधीच्या सुट्टीत ते स्वतः करायचे. हा तक्ता एका संध्याकाळी होतो आणि तीन वर्षे उपयोगी पडतो. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि रेषीय डिफरेन्शियल इक्वेशन, पहिल्या उन्हाळ्यात सदिश कॅल्क्युलस, दुसऱ्या दिवाळीत फूरिए मालिका, दुसऱ्या उन्हाळ्यात लिनिअर अल्जिब्रा, असा क्रम बहुतेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमाला चालून जातो. कॉम्प्लेक्स अॅनालिसिस थोडे मागे पडले तरी फार बिघडत नाही.

महाविद्यालयात गणित मायनर मिळतच नसेल, किंवा मिळते पण शिकवायला पूर्णवेळ शिक्षक नाही अशी स्थिती असेल (ही स्थिती दुर्मीळ नाही), तर ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण-व्यासपीठावरचे अभ्यासक्रम पाहावेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट त्या मार्गाने घेता येतात. मात्र महाविद्यालयाने आणि विद्यापीठाने त्या अभ्यासक्रमाला आधी मान्यता दिलेली असावी लागते. नावनोंदणी करण्यापूर्वी प्राचार्यांकडून तसे लेखी घ्यावे. तोंडी होकारावर निकालपत्रात क्रेडिट उमटत नाहीत.

इलेक्ट्रॉनिक्स वाईट आहे असे मी म्हणत नाही. पदवीनंतर लगेच नोकरी हवी असेल, उपकरणांच्या दुरुस्ती-देखभालीकडे किंवा एम्बेडेड प्रणालींकडे कल असेल, तर ते मायनर अधिक कामाचे ठरेल. पण डायोड, ट्रान्झिस्टर, ऑप-अॅम्प आणि लॉजिक गेट हे भौतिकशास्त्राच्या मेजरमध्येही येतातच. इलेक्ट्रॉनिक्सची उणीव प्रयोगशाळेत भरून निघते. गणिताची उणीव भरून काढणे एकट्याने फार जड जाते.

आता जॅमचा प्रश्न. क्लासपेक्षा इथे कॅलेंडर महत्त्वाचे आहे. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. टीआयएफआरची (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) प्रवेश परीक्षा तर डिसेंबरात असते. म्हणजे सहावे सत्र जेमतेम सुरू झालेले असताना, आणि टीआयएफआरच्या बाबतीत ते सुरू होण्याआधीच, मुलीची परीक्षा झालेली असते. अनेक विद्यापीठांत सॉलिड स्टेट, अणुकेंद्रकीय भौतिकशास्त्र किंवा स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स यांतला एखादा तरी पेपर सहाव्या सत्रात येतो. जॅमच्या अभ्यासक्रमात गणिती पद्धती, यांत्रिकी, दोलने-तरंग-प्रकाशशास्त्र, विद्युतचुंबकत्व, उष्मागतिकी, आधुनिक भौतिकशास्त्र आणि सॉलिड स्टेट व इलेक्ट्रॉनिक्स असे सगळेच आहे. थोडक्यात, तिची खरी मुदत पदवी पूर्ण होण्याच्या दिवशी संपत नाही, ती तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात संपते, आणि पाचव्या सत्रापर्यंत न शिकवलेले भाग तिला दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत स्वतः वाचून काढावे लागतील.

पहिल्या वर्षापासून क्लास लावू नये. या परीक्षेचे स्वरूप पाहिले तर कारण कळेल. तीन तास, 60 प्रश्न, 100 गुण; त्यांतले 20 प्रश्न, म्हणजे 30 गुण, असे की ज्यांना पर्यायच दिलेले नसतात, थेट संख्या लिहायची असते. आणखी 10 प्रश्नांत एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर निवडल्याशिवाय गुण मिळत नाहीत. अशा प्रश्नांना युक्त्या पुरत नाहीत, गणिते स्वतः शेवटपर्यंत सोडवण्याची सवय लागते, आणि ती सवय शहरातल्या क्लासच्या नोट्समधून येत नाही. पाठ्यपुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणामागची उदाहरणे, उत्तर न पाहता, वेगळ्या वहीत सोडवणे एवढेच पहिल्या दोन वर्षांत पुरेसे आहे. तिसऱ्या वर्षाच्या जूनपासून जुन्या प्रश्नपत्रिका हाती घ्याव्यात. मधल्या काळात कसोटी हवी असेल तर इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स ही संघटना पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी जी राष्ट्रीय परीक्षा घेते, ती दुसऱ्या वर्षी द्यावी. त्या परीक्षेत किती आले यापेक्षा कोणत्या प्रकरणातले आले नाही हे पाहणे जास्त मोलाचे असते.

तीन वर्षे की चार, याचा निर्णय आज घेण्याची गरज नाही. तो पाचव्या सत्रात घ्यावा. पण आडाखा आत्तापासून असू द्यावा. चार वर्षांच्या पदवीला 160 ते 176 क्रेडिट लागतात, आणि चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा त्या तोडीची श्रेणी असावी लागते. त्यात 12 क्रेडिटांचा संशोधन प्रकल्प असतो. चार वर्षांनंतर एम.एस्सी. एका वर्षाची, तीन वर्षांनंतर दोन वर्षांची, म्हणजे एम.एस्सी. होईपर्यंत पाच वर्षे दोन्हीकडे सारखीच. मग फरक उरतो तो चौथे वर्ष कुठे घालवायचे याचा. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर विभाग असेल, पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असतील आणि त्यांच्या प्रयोगशाळेत खरोखर काम चालू असेल, तर चौथे वर्ष तिथे करण्यात अर्थ आहे. तसे नसेल तर तीन वर्षांनी पदवी घेऊन जॅम, सीयूईटी-पीजी (केंद्रीय व इतर विद्यापीठांची पदव्युत्तर प्रवेशाची सामाईक परीक्षा) किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेमार्फत चांगल्या विभागात दोन वर्षांची एम.एस्सी. करणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के असणाऱ्यांना थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो हे खरे आहे. परंतु भौतिकशास्त्रात संशोधन संस्था आपल्या मुलाखतीत एम.एस्सी.च्या पातळीचे क्वांटम मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रोडायनॅमिक्स विचारतात, त्यामुळे त्या सवलतीवर आखणी उभी करू नये.

प्रात्यक्षिकांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगते, कारण जर्नल (प्रात्यक्षिकांची वही) पूर्ण करणे म्हणजे प्रयोग करणे असा समज सर्वत्र आहे. साध्या दोलकाचा प्रयोग घ्या. लांबी 1 मीटर असेल तर आवर्तनकाळ सुमारे 2 सेकंद येतो. 20 आवर्तनांना 40 सेकंद लागले आणि स्टॉपवॉच दाबण्यात 0.2 सेकंदाची चूक झाली, तर काळात अर्धा टक्का आणि गुरुत्वत्वरणात 1 टक्का अनिश्चितता येते. लांबी मोजताना 1 मिलिमीटर चुकले तरी परिणाम होतो तो केवळ 0.1 टक्का. म्हणजे मोजपट्टीवर डोळे ताणत बसण्यापेक्षा आवर्तने 50 मोजावीत. हा विचार जर्नलमध्ये दोन ओळींत लिहिणारी विद्यार्थिनी व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) वेगळी दिसते, आणि पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत तिला कामावर घेताना हेच पाहिले जाते. उत्तर 9.8 यावे म्हणून निरीक्षणे उलटी भरण्याची प्रथा मात्र तिने पहिल्या दिवसापासून दूर ठेवावी.

दुसऱ्या वर्षापासून उन्हाळे वाया जाऊ देऊ नयेत. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) हा उपक्रम पदवीच्याच विद्यार्थ्यांसाठी आहे. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. त्यांचे अर्ज हिवाळ्यातच मागवले जातात, आणि मार्चमध्ये चौकशी करणारे दरवर्षी हुकतात. पुण्यात आयुका हे खगोलशास्त्राचे आणि एनसीआरए हे रेडिओ खगोलशास्त्राचे संशोधन केंद्र आहे, आणि नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, जी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास सर्वांना पाहता येते. तिथे एकदा जाऊन यावे. रेडिओ दुर्बिणीत फूरिए ट्रान्सफॉर्म कशासाठी लागतो हे तिथल्या संशोधकांना विचारले तर ते आनंदाने सांगतात.

संगणकासाठी महागडा लॅपटॉप लागत नाही. पायथन विनामूल्य आहे आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील जुन्या यंत्रावरही चालते. पहिल्या वर्षीच तिने दोलकाचे समीकरण लहान कोनाचे गृहीतक न धरता संख्यात्मक पद्धतीने सोडवून पाहावे. 60 अंशांच्या आयामाला आवर्तनकाळ पुस्तकातल्या सूत्रापेक्षा सुमारे 7 टक्क्यांनी जास्त येईल. सरळ ऑयलरची पद्धत (छोट्या छोट्या टप्प्यांनी पुढचे मूल्य काढण्याची सर्वांत सोपी रीत) वापरली तर दोलकाची ऊर्जा आपोआप वाढत जाताना दिसेल. ती का वाढते हे तिने स्वतः शोधावे, आणि अडल्यास इथेच विचारावे.