सिनेटर म्हणजे खासदार नव्हे

विचारणा अशी: ट्रुमन न्यूबेरी यांच्याबद्दल 'डेट्रॉइटमधल्या पोलाद कंपनीचे अध्यक्ष, पुढे मिशिगनचे खासदार' असं लिहिलं तर चालेल का?

नाही. बातम्यांत हे रोज वाचतो आणि रोज चिडतो. अमेरिकेत सभागृहं दोन, मग दोन्हीकडचे सदस्य 'खासदार' कसे? न्यूबेरींच्या बाबतीत तर गोष्टच कळेनाशी होते. १८८७ ते १९०१ ते डेट्रॉइट स्टील अँड स्प्रिंग कंपनीचे अध्यक्ष होते, नंतर नौदलमंत्री झाले आणि १९१८ मध्ये त्यांनी सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, निवडणुकीत थेट हेन्री फोर्डना हरवलं. प्रचारातल्या बेकायदा खर्चावरून दोन वर्षांची शिक्षा झाली, १९२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जानेवारी १९२२ मध्ये त्यांची जागा ४६ विरुद्ध ४१ मतांनी टिकली. ही मतं खुद्द सिनेटची. 'खासदार' लिहिलंत की कोणत्या सभागृहाने निवाडा केला, हेच वाचकाला कळत नाही.

आता खरी मौज. लॅटिनमध्ये 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा, त्यावरून 'सेनातुस', वृद्धांची सभा. हा 'सेन' आणि संस्कृतातला 'सन', म्हणजे जुना, एकाच मुळाचे. ऋग्वेदात हा 'सन' आहे. 'सना' म्हणजे पूर्वीपासून, त्याला 'तन' लागला की सनातन. नूतन, पुरातन, अद्यतन यांतलाच हा 'तन'. म्हणजे सिनेटर हा सनातनचा चुलतभाऊ! आपल्या घरचे 'सिनियर सिटिझन'ही त्याच कुळातले.

'इसवी सन'मधला सनही यातच ओवणारे लोक आहेत. तो अरबी, वर्ष या अर्थाचा. दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून सोयरीक जुळवायची ही खोड शब्दचर्चेला बुडवते, मग सांगणारा कितीही मोठा पंडित असो.

वयाचा धागा अजून तुटलेला नाही. अमेरिकेत कनिष्ठ सभागृहासाठी किमान वय २५, सिनेटसाठी ३०. आपल्याकडे लोकसभा २५, राज्यसभा ३०. आपल्या विद्यापीठांच्या सिनेटला मात्र कायद्यात 'अधिसभा' म्हणतात. शब्द नीटनेटका आहे, पण त्यातला म्हातारा हरवला, याची मला मनापासून हळहळ वाटते.