रुग्ण म्हणतो ‘दुसरी नर्स पाठवा’, सहकारी उच्चारांवर हसतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की परदेशात नर्स म्हणून रुजू होऊन आठ महिने झाले, एका रुग्णाने तुमच्या रंगावरून तुमच्या हातचं इंजेक्शन नाकारलं, स्टाफरूममध्ये तुमच्या उच्चारांच्या नकला होतात आणि इन्चार्जला सांगितलं की ‘फार मनावर घेतेस’ हे ऐकावं लागतं. मीही परदेशातल्याच वॉर्डात सोळा वर्षं काढली, शेवटची पाच इन्चार्ज म्हणून. म्हणजे तक्रार केलीय आणि ऐकूनही घेतलीय.

आधी एक वही करा. ‘माझा अपमान झाला’ असं त्यात लिहू नका. ‘रात्री ९.४०, बेड ६, रुग्ण म्हणाले, “तू हात लावू नकोस, गोरी नर्स पाठव.” दोन सहकारी हजर होत्या, कोणी बोललं नाही’ असं लिहा, त्याच दिवशी. रुग्णाचं नाव मात्र नको, नाहीतर गोपनीयतेच्या नियमात तुम्हीच अडकाल. माझी पहिली तक्रार दोन पानांची होती, सगळी मनस्तापाची. एचआरच्या बाईंनी विचारलं, ‘नेमकं कधी?’ मला वारसुद्धा आठवेना.

रुग्णाच्या बाबतीत तो भानावर आहे का, हे आधी बघा. जंतुसंसर्ग, कमी ऑक्सिजन, डिमेन्शिया यांत माणूस वाट्टेल ते बरळतो. तो आजार समजायचा, पण नोंद तरीही करायची आणि खोलीत एकटं जायचं नाही. एखाद्या बाईने तपासणीसाठी बाईच मागणं ही गोष्टही वेगळी. पण शुद्धीवरचा माणूस रंग बघून नर्स निवडत असेल, तर त्याला उत्तर देणं तुमचं नाही, इन्चार्जचं काम आहे. मी एवढंच म्हणते: ‘आज तुमच्या नर्स ह्याच आहेत. या कारणासाठी बदलून मिळणार नाही.’ तातडीचे उपचार कुणाचेच थांबत नाहीत. बाकीच्या उपचारांसाठी तुमच्या रुग्णालयाचा लेखी नियम मागून घ्या. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एप्रिल २०२० पासून वंशद्वेषी वागणाऱ्या रुग्णाला तातडीचे नसलेले उपचार नाकारता येतात.

हे शहाणपण मला उशिरा आलं. इन्चार्ज झाले त्या वर्षी अशाच एका रुग्णासाठी मी गुपचूप त्याची नर्स बदलून दिली. वॉर्ड भरलेला, कटकट नको, आणि त्या नर्स मुलीलाही त्रास नको, असं स्वतःलाच समजावलं. हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण सोपवण्याच्या, कागदावर तिचं नाव खोडून दुसरं लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. ती काही बोलली नाही. नुसती त्या खोडलेल्या ओळीकडे बघत राहिली. पुढच्या महिन्यात तिने बदली मागितली.

स्टाफरूमचं दुखणं वेगळं. मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पियर्स यांनी १९७० मध्ये अशा बारीक ओरखड्यांना ‘मायक्रोअ‍ॅग्रेशन’ हे नाव दिलं. एकेक सांगायला गेलं तर क्षुल्लक वाटतं, म्हणूनच ते सांगणं अवघड. नक्कल झाली की शांतपणे विचारा, ‘यात गंमत काय, मला समजावून सांगता?’ विनोद समजावताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. पण माझं खरं लक्ष ड्यूटीच्या रोस्टरवर असतं. तीन महिन्यांचा रोस्टर काढा आणि नाईट कोणाच्या वाट्याला किती, ट्रेनिंगला कोण गेलं, ते मोजा. आकड्यांना कोणी ‘मनावर घेतेस’ म्हणत नाही.

आणखी एक, जरा आडवाटेचं. ‘आपल्याकडे वंशभेद आहे’ म्हटलं की मीटिंगमध्ये सगळे अंग चोरतात. मी पल्स ऑक्सिमीटरपासून सुरुवात करते. २०२० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की रक्तातला ऑक्सिजन घसरलेला असूनही यंत्र ठीक आकडा दाखवतं, असं कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडत होतं. विषय रुग्णाच्या जिवाचा झाला की लोक ऐकतात, मग रोस्टरही टेबलावर ठेवता येतो.

तक्रार तोंडी नको, ईमेलने करा आणि युनियनला प्रत पाठवा. कायद्याने दाद मागण्याची मुदत कित्येक देशांत थोड्याच महिन्यांची असते, तुमच्याकडची आजच विचारून घ्या. आणि बेडजवळ गप्प उभ्या राहिलेल्या त्या दोघींना एकेकटं गाठा. त्यांनी काय ऐकलं ते दोन ओळींत लिहून देतील का, विचारा. एक तरी देईल.