आपल्याकडे बाळं बारीकच असतात

प्रिय सातव्या महिन्यातली लेक,

डॉक्टर म्हणतात, बाळाची वाढ दिवसांच्या मानाने कमी दिसतेय, तीन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू. आई म्हणते, कशाला पैसे घालवायचे, आपल्याकडे बाळं बारीकच असतात. तू स्वतः सव्वादोन किलोची होतीस. सासूबाई सांगतात, आमचा मुलगा साडेतीन किलोचा होता. कुणाचं खरं मानू, असं तू विचारलंयस.

मला मात्र तुझं एकच वाक्य डाचतंय. 'माहेरी आल्यापासून सकाळी आई-ताईबरोबर ओसरीवर मिश्री लावत बसते, तेवढाच विरंगुळा. आजीपासूनची सवय आमची.'

अगं, मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच! हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेतून बाळाला पोचणारं रक्त कमी होतं. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्री, तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि त्यांच्यात दिवस भरण्याआधीची बाळंतपणंही जास्त झाली.

घराण्यावरून वजनाचा अंदाज बांधता येतो, हे खरं आहे. आईचं स्वतःचं जन्मवजन, तिच्या आधीच्या बाळांची वजनं डॉक्टरही विचारतात. त्यात आईकडचा वाटा बापाकडच्यापेक्षा मोठा, म्हणून सासूबाईंचे साडेतीन किलो मनावर घेऊ नकोस. पण तुमच्याकडे तीन पिढ्या बाळं बारीक आणि तीन पिढ्या हातात मिश्रीची डबी. मग बारीकपणा रक्तातून आला की डबीतून, हे आई कशावरून सांगते? मुळात लहान चणीचं बाळ लहान असलं तरी आपल्या गतीने वाढत राहतं. ज्याला पोषण कमी पडतं त्याची वाढ मंदावते. हा फरक एकदा मोजून कळत नाही, म्हणून तर पुन्हा बोलावलंय.

आईचं प्रेम मला दिसतं, पण तिचा रागही येतो. लेकीला डिंकाचे लाडू भरवायचे आणि सकाळी तिच्यापुढे डबी सरकवायची!

डॉक्टरांनी 'तंबाखू खाता का' विचारलं असेल आणि तू 'नाही' म्हणाली असशील. बऱ्याच बायका तेच सांगतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची. तर आजपासून डबी बंद, आणि तीन आठवडे वाट न बघता याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन सांग: मी रोज मिश्री लावत होते. तल्लफ आवरेना तर १८००-११२-३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन कर, पण स्वतःच्या मनाने कुठली गोळी घेऊ नकोस. बाळाचं वजन सगळ्यात जास्त वाढतं ते या शेवटच्या तीन महिन्यांत, आणि ते अजून तुझ्या हातात आहेत.

जाताना आईलाही बरोबर ने. तिच्यासमोरच सांग.