बोटीच्या ट्रेलरचं चाक हायवेवर पंक्चर झालं तर कसं बदलायचं?

तुम्ही टेक्सासात 18 फुटी जुनी बोट घेतलीत, ट्रेलर एका ॲक्सलचा आहे, तळ्यावर जाताना टायर बसला आणि गाडीतल्या जॅकने काहीच जमलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या वेळी काय करावं, हा तुमचा प्रश्न.

गाडीसोबत येणारा जॅक त्या गाडीच्या पत्र्याखालच्या ठरावीक खाचेसाठीच बनवलेला असतो. ट्रेलरच्या लोखंडी चौकटीखाली तो नीट बसत नाही, घसरतो. म्हणून ट्रेलरसाठी वेगळी पिशवी ठेवा. त्यात निदान 2 टनी बॉटल जॅक, 2 फूट लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळायचा पाना), लाकडाचे दोन-तीन जाड ठोकळे, चाक सरकू नये म्हणून लावायच्या दोन ओटी (पाचरी), वायर ब्रश आणि 12 व्होल्टवर चालणारा हवेचा पंप असू द्या. नट सहसा 13/16 इंची असतात, काही ट्रेलरना 3/4. घरीच सॉकेट लावून बघा, रस्त्यात शोधाशोध नको.

टायर बसला की हळूहळू सपाट, कडक जागेवर या. पंक्चर डाव्या चाकाला असेल आणि शेजारून ट्रक जात असतील तर तिथे बसूच नका. पुढच्या एक्झिटपर्यंत रांगत गेल्याने रिम खराब झाली तरी चालेल. तेही जमत नसेल तर मदतीला टो ट्रक बोलवा.

ट्रेलर गाडीला जोडलेलाच राहू द्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. बोटीचं इंजिन मागे असतं. हुक सोडून ट्रेलर वर उचलायला गेलात तर तोल जाऊन पुढचं टोक उचललं जाऊ शकतं. बोट बांधलेले मागचे पट्टे आणि विंचचा (पुढे बोट ओढून धरणाऱ्या चरखीचा) पट्टाही सोडू नका. गाडीचा हँडब्रेक ओढा आणि चांगल्या चाकाच्या पुढे-मागे ओटी लावा. ट्रेलरला सर्ज ब्रेक (गाडी थांबताना ट्रेलरच्या रेट्याने लागणारे) असले तरी ते उभ्या ट्रेलरला धरून ठेवत नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नका.

आता नट, आणि तेही चाक जमिनीवर असतानाच. अर्धा वेढा सैल करा, काढू नका. चाक हवेत गेल्यावर जोर लावलात तर चाक नुसतं फिरेल आणि ट्रेलर जॅकवरून हलेल. ट्रेलर खाऱ्या पाण्यात जात असेल तर नट गंजून चिकटलेले असतात. गंज सोडवणारं तेल मारा, दहा मिनिटं थांबा, मग लांब दांड्याने सावकाश जोर द्या. झटके दिले की स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) तुटतो.

जॅक ॲक्सलच्या मधोमध कधीही लावू नका. ॲक्सलचा पाइप वाकला की चाकं तिरकी होतात आणि नवे टायरही एका बाजूने झिजतात. पाट्याच्या स्प्रिंगखालच्या यू-बोल्टच्या पट्टीला जॅक लावणारे बरेच आहेत, पण ॲक्सल बनवणारे त्यालाही नको म्हणतात. जॅक चौकटीखालीच, ॲक्सलच्या अगदी जवळ लावा. अडचण एवढीच की चौकट वर गेली तरी स्प्रिंग सैल होत चाक खालीच लोंबत राहतं, म्हणून उंची जास्त लागते. जॅकखाली रुंद ठोकळा ठेवा. उलट, टायर बसल्यामुळे जॅक आतच जात नसेल तर बसलेलं चाक एका फळीवर चढवून घ्या, जागा होते. ट्रेलरखाली हात-पाय घालायचे नाहीत.

चाक निघालं की हब (चाक ज्यावर बसतं तो मधला फिरता भाग) हाताने फिरवा. खरखर आली किंवा रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं तर ग्रीस आत अडवणारं सील गेलंय आणि बेअरिंगही जायच्या वाटेवर आहे. अशा वेळी स्टेपनी लावून पुढे निघणं धोक्याचं. तापलेला हब रॅम्पवर (बोट उतरवायच्या उतारावर) थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बोट उतरवण्याआधी हब निवू द्या.

स्टेपनी लावण्याआधी हबच्या तोंडावरचा गंज ब्रशने काढा. गंजाचा पापुद्रा मधे राहिला तर पुढे तो चिरडतो आणि नट सैल होतात. नटाची निमुळती बाजू रिमकडे ठेवा. पाच नट चांदणीच्या क्रमाने, हाताने बसवा, चाक खाली घ्या, मग टॉर्क द्या. अर्ध्या इंचाच्या स्टडला तीन टप्प्यांत 20, 50 आणि शेवटी 90 ते 120 फूट-पौंड. स्टडला ग्रीस लावू नका, हे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. त्यानंतर 10, 25 आणि 50 मैलांवर थांबून पुन्हा तपासा. ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि चाक निसटतं.

आता टायर मुळात का बसतो, ते बघू. तुमच्यासारख्या ट्रेलरला बहुधा एसटी (स्पेशल ट्रेलर, म्हणजे खास ट्रेलरसाठीचा) 205/75 आर14 टायर असतो. लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) सी असेल तर तो 50 पीएसआयला 1760 पौंड पेलतो, दोन मिळून 3520. ॲक्सल 3500 पौंडांचा. म्हणजे पूर्ण भरलेल्या ॲक्सलवर हाताशी उरतात फक्त 20 पौंड! हवा 35 वर आली की तेवढंही राहत नाही, कड वाकत राहते, तापते आणि टायर फुटतो. निघण्याआधी, टायर थंड असताना, 50 भरा, स्टेपनीतसुद्धा. वेगमर्यादेचं अक्षर छापलेलं नसलेल्या एसटी टायरवर ताशी 65 मैलांच्या वर जाऊ नका. लोड रेंज डी घ्यायचा असेल तर रिमही 65 पीएसआयची हवी. गाडीचा जुना टायर मात्र ट्रेलरला लावू नका, त्याची कड मऊ असते.

टायरच्या कडेवर डीओटी (DOT) ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. 3519 म्हणजे 2019 सालचा 35 वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी शाबूत दिसली तरी दोन्ही टायर बदला. काढलेल्या टायरमध्ये नुसता नक्षीच्या मधोमध खिळा असेल आणि तो बसल्यावर चालवला गेला नसेल तर पंक्चर काढता येतं. पण आत हात घातल्यावर रबराचा काळा भुगा बोटांना लागला, तर कड आतून चिरडली गेली आहे. तो टायर टाकून द्या.