बाई, एक विचारू? : अठरा जूनची पत्रं

या वेळी तीन पत्रं अशी आली की तिन्ही एकाच माणसाच्या, समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहिया यांच्या, दारात नेऊन सोडतात. त्यामुळे फणसाची साटं चिकट का राहतात, या कुडचड्याच्या वहिनींच्या प्रश्नाला पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी लागेल. (ऊन कमी पडलं वहिनी, दुसरं काही नाही.)

बाई, मी पणजीला अठरा जून रस्त्याजवळच्या गल्लीत लग्नपत्रिकांच्या दुकानात काम करते. नातीच्या पत्रिका सांगायला आलेले एक आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी पत्रिका छापायची तर पाखल्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, परवानगी लागायची." आम्ही मुली हसलो. ते मात्र हसले नाहीत. हे खरं का? आणि ज्या रस्त्यावरून मी रोज जाते त्याच्या नावाचा याच्याशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, ताळगाव

आजोबांचं खरं आहे. तुम्ही हसलात तेही साहजिक आहे. तुमच्याकडे प्रूफ गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जातं, तिकडून अंगठा आला की छपाई सुरू.

माझे बाबा मडगावात एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलायचा आणि ओळ जुळवायची, हा त्यांचा धंदा. ते सांगायचे, पत्रिकेचं प्रूफ आधी कचेरीत न्यायचं, शिक्का मारून घ्यायचा आणि मगच यंत्रावर चढवायचं. एकदा कुणाच्या तरी पत्रिकेत 'सभामंडपी' असा शब्द होता. कारकुनाचं बोट 'सभा'वर येऊन थांबलं. कसली सभा? बोलणार कोण? तिथं भटजींशिवाय कुणी बोलणार नाही, हे बाबांनी परोपरीनं सांगून पाहिलं. शेवटी 'सभा' काढून 'लग्न' घातलं तेव्हा शिक्का मिळाला. जेवताना हा किस्सा निघाला की बाबा हसायचे. पण "तेव्हा हसला होता का?" असं मी विचारलं की भात कालवत राहायचे.

आपल्याकडे पोर्तुगीज काळ म्हणजे साडेचारशे वर्षांची एकच अंधारी रात्र असं समजतात. तसं नव्हतं. १९१० साली पोर्तुगालात राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्यानं बरोबरीचे हक्क मिळाले. मराठी शाळा निघाल्या, वाचनालयं निघाली, नियतकालिकं निघाली. उघडलेलं ते दार पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारनं परत लावून घेतलं. १९३० चा वसाहत कायदा आला. छापण्याआधी तपासणी आणि चार माणसं जमवण्याआधी परवानगी, हे अंगवळणी पडलं. एकदा चाखलेलं गेलं, म्हणून ते जास्त लागलं असावं, असं मला वाटतं.

आता तुझा रस्ता. डॉ. राममनोहर लोहिया जून १९४६ मध्ये गोव्यात आले ते विश्रांतीसाठी. एप्रिलमध्ये ब्रिटिशांच्या तुरुंगातून सुटले होते, तब्येत पार ढासळली होती. असोळण्याचे डॉ. जुलियांव मिनेझिस हे त्यांचे बर्लिनमधल्या शिक्षणाच्या दिवसांपासूनचे स्नेही, त्यांच्या घरी ते उतरले. विश्रांती कसली? माणसं भेटायला येऊ लागली आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गाऱ्हाणं. बोलता येत नाही, छापता येत नाही, जमता येत नाही. तेव्हा १८ जूनला मडगावात सभा घ्यायची ठरली, आणि परवानगी मुद्दामच मागायची नाही असंही.

त्या दिवशी पाऊस कोसळत होता. कॅप्टन फोर्तुनात मिरांदा हा अधिकारी पिस्तूल काढून आडवा आला. लोहियांनी त्याचा हात धरला आणि त्याला बाजूला सारलं. लगेच दोघा डॉक्टरांना अटक झाली. म्हणजे ज्या सभेची आपण इतकी वर्षं आठवण काढतो, तिच्यात भाषण असं फारसं झालंच नाही! त्या जागेला आज लोहिया मैदान म्हणतात, आणि तुझ्या रस्त्याच्या नावातली तारीख ती हीच.

बाबा तिथं होते, पण समोरच्या दुकानाच्या पडवीत, मिटलेली छत्री काखेत धरून. घोषणा दिली नाही, मैदानात पाऊलही टाकलं नाही. हे त्यांनी कधी लपवलं नाही. "त्या दिवशी मैदानावर होतो म्हणणारे मागाहून इतके निघाले की मैदान पुरलं नसतं," असं मात्र ते म्हणायचे.

पुढचं थोडक्यात सांगते. लोहियांना गोव्याबाहेर घालवलं, ते सप्टेंबरअखेर परत आले, तेव्हा कुळे स्टेशनवरच त्यांना धरलं आणि आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यांची बाजू घेतली. इथल्यांना जास्त भोगावं लागलं. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना लष्करी कोर्टानं आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांनाही पोर्तुगालात नेलं. मुक्ती आली ती १९ डिसेंबर १९६१ ला, त्या पावसानंतर साडेपंधरा वर्षांनी.

आणि मुक्तीनंतरही आमच्या घरी रेडिओवर बातम्या लागल्या की बाबा उठून रस्त्याकडची खिडकी ओढून घेत. आई वैतागायची. "अहो, आता भारत आहे!" बाबा म्हणायचे, "हो गं," आणि खिट्टी लावायचे.

मग आला १९६७ चा जनमत कौल. मी तेव्हा दहा वर्षांची. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. आमचं घर फुलाचं, शेजारचं दोन पानांचं. त्या दिवसांत बाबा त्याच खिडकीत कोपरं टेकून शेजारच्या काकांशी तासन्‌तास भांडायचे. आवाज पार तिंट्यावर, म्हणजे चव्हाट्यावर, जायचा. १६ जानेवारीला मतदान झालं, आमची बाजू चौतीस हजारांवर मतांनी हरली. जन्म मराठी शिकवण्यात गेलेल्या मला त्याची चुटपुट आजही आहे, खोटं कशाला बोलू? पण ती खिडकी त्यानंतर कधी लागल्याचं मला आठवत नाही. पावसाळ्यातसुद्धा नाही, आणि मग आई त्यावरून वैतागायची.

आजोबा पत्रिका न्यायला येतील तेव्हा त्यांना विचार, शिक्क्याची एखादी जुनी पत्रिका घरी ट्रंकेत आहे का. मिळाली तर झेरॉक्स काढ आणि काउंटरच्या काचेखाली ठेव.

बाई, गेल्या रविवारी ग्रामसभेत मी उभी राहिले आणि आमच्या वाड्यावरचं नळाचं पाणी दुपारनंतर जातं कुठं, असं विचारलं. "लेखी द्या," म्हणून मला खाली बसवलं. घरी आल्यावर मामंजी म्हणाले, "घराचं नाव तिंट्यावर आणलंस." नवरा गप्प. पुढच्या वेळी जाऊ की नको?
— एक सून, पेडणे तालुका

जा. आणि लेखी मागितलंय ना, मग लेखी दे.

साध्या मराठीत, एका पानावर, एकच प्रश्न. पाणी कोणत्या तारखांना गेलं, किती वाजता गेलं, किती घरांचं गेलं, एवढंच लिही. कुणाचा बंगला, कुणाचा टँकर, हे त्यात घालू नकोस. ते तोंडी बोलायलाही आधी खात्री कर. दोन प्रती काढ आणि आपल्या प्रतीवर पंचायतीचा आवक शिक्का तारखेसकट मारून घे. वरच्या पत्रातल्या शिक्क्याची गोष्ट वाचलीस ना? आता शिक्का तू मागायचा आणि त्यांनी मारायचा. सभेत जे ठरेल ते इतिवृत्तात आलं का ते बघ. दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज टाक, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा अधिकार देशाला २००५ साली मिळाला, पण आपल्या गोव्यानं स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता. याचा आपण फारसा तोरा मिरवत नाही, मिरवायला हवा.

ग्रामसभा म्हणजे काही देवघर नव्हे. माइक बंद पडतो, नेमका कधी पडतो ते तुलाही ठाऊक असेल. चार माणसं आधीच ठरवून आरडाओरडा करतात. तरी २००६-०७ मध्ये गोव्यातली कुठली जमीन कशाला वापरायची हे ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गावोगावची साधी माणसं अशीच उभी राहिली आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्यातल्या कितीकांनी त्याआधी चारचौघांत तोंड उघडलं नसेल.

मामंजींशी वाद घालू नकोस. त्यांचं वय तू लिहिलं नाहीस, पण अंदाज करते. त्यांच्या वडिलांनी हळू बोलण्यातच आयुष्य काढलं असेल. एखाद्या संध्याकाळी चहा देताना विचार, तुमच्या लहानपणी गावात सभा व्हायची का? बोलायचं कोण? पुढचं ते स्वतःच सांगतील, कदाचित नको तितकं. बायकांनी बसून ऐकावं असं त्यांच्या मनात असेल, तर सांगून ठेवते. लोहियांनी ज्या सात क्रांत्या सांगितल्या त्यांत स्त्री-पुरुष समतेची एक आहे. हे मामंजींना ऐकवायचं नाही, तुझ्यापाशी ठेवायचं.

नवऱ्याला बरोबर ने. त्यानं बोलायची गरज नाही, शेजारच्या खुर्चीवर बसला तरी पुरे.

बाई, मी आठवीत आहे. अठरा जूनच्या क्रांतिदिनाच्या भाषणस्पर्धेत लोहियांवर बोलणार आहे. त्यांना अमेरिकेतही अटक झाली होती असं बाबांनी सांगितलं. आमच्या बाई म्हणतात ते विषय सोडून आहे. घालू का? तीनच मिनिटं आहेत.
— साखळी

घाल रे पुता. तुझ्या बाईंचा मान ठेवून सांगते, ते विषय सोडून मुळीच नाही.

मे १९६४. लोहिया तेव्हा लोकसभेचे खासदार होते. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन गावी एका खाणावळीत त्यांना आत घेतलं नाही, कारण ती फक्त गोऱ्यांसाठी. दुसऱ्या दिवशी ते परत तिथंच गेले आणि पोलिसांनी त्यांना धरलं. अमेरिकन सरकारनं मग माफी मागितली. तिथले काळे लोक त्या वेळी याच हक्कासाठी मार खात होते, तुरुंगात जात होते. खाणावळीत, हॉटेलात वर्णावरून कुणाला अडवायचं नाही, असा कायदा त्याच वर्षी २ जुलैला झाला. लोहियांमुळे झाला असं मात्र चुकूनही म्हणू नकोस, तो तिथल्या लोकांनी मिळवला. आपला माणूस एक दिवस त्यांच्या रांगेत उभा राहिला, एवढंच म्हण.

मडगावात परवानगी न मागता बोलायला उभे राहिले, जॅक्सनला नको म्हटलं तरी परत दारात उभे राहिले. ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेव, तुझं भाषण झालं. जन्मतारीख, जन्मगाव, पदव्या यांत पहिलं मिनिट घालवू नकोस, ते सगळेच सांगतात आणि परीक्षक तेवढ्यात चहा मागवतात. वेळ कमी पडला तर पिस्तूल एका वाक्यात उरक. पाऊस मात्र ठेव.